कुठला हेमाड?

वऱ्हाडात कुठं काळ्या दगडांचं जुनं देऊळ लागलं, की बरोबरचा माणूस ते कुणी बांधलं, कधी बांधलं या भानगडीत पडत नाही. एका वाक्यात निकाल लावतो, "हे हेमाडपंथी हाय." चिऱ्यावर चिरा बसवलेला, मध्ये चुना नाही, घडीव खांब, गाभाऱ्यात भरदिवसा अंधार, एवढं जुळलं की पुरे. देवळापुरतंच नाही, पायऱ्यांची जुनी बारवसुद्धा हेमाडपंती ठरते. माणसाच्या नावावरून पडलेली विशेषणं मराठीत बरीच आहेत, पण एवढा मुलूख दुसऱ्या कुठल्या विशेषणानं काबीज केलेला मला तरी आठवत नाही.

हा शब्द बार्शीटाकळीच्या कालंका देवीच्या देवळापाशी आणून उभा केला की अडखळतो. बार्शीटाकळी हे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, अकोला-वाशीम रेल्वेमार्गावरचं. (टाकळी नावाची गावं महाराष्ट्रात उदंड, म्हणून प्रत्येकीला मागेपुढे काहीतरी जोडावं लागतं. टाकळा या रानभाजीवरून ती नावं आली असं सांगणारे भेटतात. आमच्याकडे त्याच भाजीला तरोटा म्हणतात, तेव्हा मी मान डोलावतो, पण पैज लावत नाही.) इथल्या देवळात शिलालेख आहे आणि त्यावर साल आहे: शके 1098, म्हणजे इसवी सन 1176. ज्याच्या नावावर हे देऊळ आपण मांडतो तो हेमाडपंत देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव यादवाच्या आणि त्यानंतर रामचंद्रदेवाच्या पदरी तो होता. महादेव गादीवर आला 1261 च्या सुमारास. म्हणजे हेमाडपंत कारभारात येण्याच्या 85 वर्षं आधीच बार्शीटाकळीच्या लेखाचा दगड कोरून झाला होता. हेमाडपंताचा आजोबाही तेव्हा पोरवयाचाच असेल.

इथपर्यंत गोष्ट साधी आहे. चुकीच्या माणसाचं नाव चिकटलं, असं म्हणून पुढे जाता येतं. पण या लेखात राजाचं जे नाव आहे ते आहे हेमाद्रिदेव.

आता आली का पंचाईत! हेमाडपंताचं मूळ नावही हेमाद्रीच. हेम म्हणजे सोनं, अद्री म्हणजे पर्वत. सोन्याचा पर्वत तो मेरू. एक हेमाद्री राजा, 1176 चा, वऱ्हाडातला. दुसरा हेमाद्री पंडित, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, देवगिरीच्या दरबारातला. मग हेमाडपंती हा शब्द या पहिल्या हेमाद्रीवरूनच निघाला नसेल कशावरून? वऱ्हाडचा राजा, वऱ्हाडचं देऊळ, वऱ्हाडचा शब्द. अभिमानाला गुदगुल्या करणारी व्युत्पत्ती आहे. सांगणाऱ्याला टाळ्याही मिळतील.

मला ती पटत नाही, आणि कारण शब्दातच आहे. राजाला कुणी पंत म्हणत नाही. पंत हे पंडित शब्दाचं झिजलेलं रूप, विद्वानाला आणि कारभाऱ्याला लागणारं. हेमाद्रिदेवाच्या नावानं लोकांनी देवळाला विशेषण दिलं असतं तर ते हेमाडदेवी झालं असतं, हेमाडराजी झालं असतं. हेमाडपंती होण्यासाठी पंतच हवा. दुसरं असं, की हे नाव अकोल्यापुरतं नाही. अंबरनाथचं शिवालय शिलाहारांच्या काळातलं, शके 982 चं, म्हणजे 1060 चं; त्यालाही आपण बिनदिक्कत हेमाडपंती म्हणतो. नाशिकजवळच्या अंजनेरीत 1142 चा लेख असलेलं जैन मंदिर आहे, तेही त्याच यादीत. एवढ्या लांबवर वऱ्हाडातल्या एका छोट्या राजाचं नाव पोचायला त्याच्याजवळ काय होतं? पंताजवळ मात्र देवगिरीचं राज्य होतं, दप्तर होतं आणि मुख्य म्हणजे ग्रंथ होते.

हा हेमाद्री पंडित खरोखरच मोठा माणूस. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा त्याचा धर्मशास्त्रावरचा अवाढव्य ग्रंथ. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर त्याची टीका आहे. यादवांची वंशावळ आपल्याला बऱ्याच अंशी कळते ती त्याच्याच ग्रंथाच्या प्रास्ताविकातल्या राजप्रशस्तीमुळे. अधिकारानं तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या सगळ्या लिखापढीचा प्रमुख. एवढं खरं कर्तृत्व असताना लोकांनी त्याच्या खात्यावर आणखी काय काय जमा केलं पाहा: मोडी लिपी त्यानं आणली, तीही थेट लंकेहून. बाजरी त्यानं आणली. पत्रांचे मायने त्यानं ठरवले. यातलं शेवटचं तेवढं श्रीकरणाधिपाच्या कामाशी जुळतं. बाकीचं बघितलं की लक्षात येतं, की ज्याचा कर्ता सापडत नाही ते हेमाडपंताच्या अंगणात नेऊन टाकायचं, अशी आपली रीत होती. देवळंही तिथंच टाकली गेली. नावाचा चिकटपणा पुढेही गेला नाही: 'श्रीसाईसच्चरित' लिहिणाऱ्या गोविंद रघुनाथ दाभोलकरांना साईबाबांनी हेमाडपंत म्हटलं आणि आज अनेक घरांत हेमाडपंत म्हटलं की तेच आठवतात. या हिशेबानं शिर्डीचंही देऊळ एक दिवस हेमाडपंती व्हायचं!

वर वऱ्हाडी माणसाच्या तोंडी मी मुद्दाम हेमाडपंथी लिहिलं आहे. हा थ कुठून आला? इंग्रजी अमदानीतल्या पुस्तकांत हा शब्द रोमन अक्षरांत कधी एका, कधी दुसऱ्या तऱ्हेनं छापलेला दिसतो, आणि तिथून तो परत मराठीत उतरताना थ घेऊन आला असेल. पण वऱ्हाडात त्याला आणखी एक खतपाणी मिळालं असावं असा माझा तर्क आहे. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं तीर्थ. इकडे पंथ हा रोजच्या बोलण्यातला शब्द, पंत मात्र कोकण-देशाकडचा. हेमाडपंती ऐकलं की कानाला हेमाडपंथी ऐकू येणारच. यातला विनोद असा, की महानुभाव परंपरेत हेमाडपंताबद्दल प्रेम नाही, उलट चक्रधरस्वामींच्या छळाचा ठपका ती परंपरा त्याच्यावरच ठेवते. त्याच हेमाडपंताला आम्ही बोलता बोलता एक पंथ काढून दिला. हेमाडपंथ नावाचा कुठलाही पंथ कधी नव्हता. तेव्हा थ काढून टाकावा, हे माझं मत.

असा प्रकार आपल्याकडेच घडला असं मात्र नाही. चुकीच्या मालकाच्या नावावर चढलेल्या कलेचं सगळ्यात गमतीदार उदाहरण इटलीतलं आहे.

रोमच्या उत्तरेला, टायबर आणि आर्नो या नद्यांच्या मधल्या मुलखात रोमनांच्याही आधी एट्रुस्कन लोकांची नगरं होती. इसवी सनापूर्वी नवव्या शतकापासून पुढे सात-आठशे वर्षं ती गाजली आणि मग रोमनांनी गिळली. या लोकांचं स्वतःचं नाव होतं रास्ना. ग्रीक त्यांना तिर्रेनोई म्हणत, म्हणून इटलीच्या पश्चिमेचा समुद्र तिर्रेनियन झाला. रोमन त्यांना तुस्की आणि एत्रुस्की म्हणत, म्हणून तो प्रांत तोस्काना झाला. आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांत त्या डोंगराचं नाव तिरण्हू असं कोरलेलं असताना लोकांनी त्याला पांडवलेणी केलं, तसंच हे. दगडावरचं नाव मागं राहिलं, तोंडावरचं पुढं गेलं.

एट्रुस्कनांची देवळं लाकडाची आणि कच्च्या विटांची, वर भाजक्या मातीच्या मूर्ती. रोमन वास्तुकार व्हित्रुव्हियस यानं त्या देवळांची मापं आणि रीत लिहून ठेवली, त्याला नावही दिलं तुस्कनांवरून. देवळं बहुतेक पायापुरती उरली. टिकल्या त्या कबरी, कारण त्या खडकात खोदलेल्या. आपल्या वऱ्हाडात नेमकं उलट: माणसांची घरं मातीची होती ती मातीत गेली, देवाचं घर दगडी होतं ते राहिलं. त्यामुळे एट्रुस्कनांना जग ओळखतं ते त्यांच्या मेलेल्यांवरून. चेर्वेतेरीला मातीच्या घुमटाखाली खोल्या-खोल्यांच्या कबरी आहेत, आत दगडी पलंग, दगडी उशा. तार्क्विनियाला सुमारे 6,000 कबरींपैकी 200 च्या आसपास रंगवलेल्या आहेत: मेजवान्या, नाच, बासरी, मासेमारी. चेर्वेतेरीत सापडलेली एक शवपेटी रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. तिच्या झाकणावर नवराबायको एकाच पलंगावर रेलून बसले आहेत, इसवी सनापूर्वी 520 च्या सुमाराची ती जोडी बघणाऱ्याकडे हसते आहे. भाजक्या मातीत इतकं जिवंत काम फार थोड्यांनी केलं.

या कबरींमध्ये मेलेल्याबरोबर मडकी, सुरया, कलश ठेवलेले असत. काळ्यावर तांबडी किंवा तांबड्यावर काळी चित्रं काढलेले देखणे कलश. अठराव्या शतकात ते मोठ्या संख्येनं बाहेर येऊ लागले. एट्रुस्कन जमिनीत, एट्रुस्कन कबरीत सापडले, तेव्हा ते एट्रुस्कनच, असं विद्वानांनीही धरलं. तोस्कानाच्या अभिमान्यांना तर ते हवंच होतं. तिथल्या ड्यूक कोसिमोच्या काळात, 1553 मध्ये, आरेत्सोला सापडलेला काशाचा किमेरा, म्हणजे सिंह, बोकड आणि साप मिळून झालेला प्राणी, मिरवून झालाच होता. विल्यम हॅमिल्टन या इंग्रज राजदूतानं नेपल्समध्ये कलशांचा मोठा संग्रह केला आणि त्याची भव्य चित्रपुस्तकं निघाली. ती इंग्लंडात जोसाया वेजवुड या कुंभाराच्या हाती पडली. कुंभार कसला, कारखानदारच. त्यानं 1769 मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये नवा कारखाना काढला, त्याचं नाव ठेवलं एट्रुरिया, आणि पहिल्याच दिवशी घडवलेल्या कलशांवर लॅटिनमध्ये लिहिलं, की एट्रुरियाच्या कला पुन्हा जन्माला येत आहेत.

कला जन्माला येत होत्या खऱ्या, पण त्या एट्रुरियाच्या नव्हत्या. ते कलश ग्रीक होते. बरेचसे अथेन्समध्ये घडलेले, जहाजातून इटलीत विकायला आलेले. एट्रुस्कन श्रीमंतांना त्यांची भारी हौस. यातला सगळ्यात प्रसिद्ध कलश 1844 मध्ये क्युझीजवळच्या एट्रुस्कन कबरीत आलेस्सांद्रो फ्रांस्वा याला सापडला. तो आज फ्लॉरेन्सला आहे. त्यावर कुंभाराचं नाव एर्गोतिमोस आणि चिताऱ्याचं नाव क्लाइतियास, दोन्ही ग्रीक अक्षरांत लिहिलेली आहेत. म्हणजे वस्तू ओरडून सांगते आहे मी कुणाची, आणि बघणारा तिला जागेवरून नाव देतो. अभ्यासकांनी चूक सुधारली, पण स्टोक शहरातला वेजवुडच्या कारखान्याचा भाग आजही एट्रुरियाच म्हणवतो.

एट्रुस्कनांच्या वाट्याला मात्र उलटा अन्याय आला. जे त्यांचं नव्हतं त्यावर त्यांचं नाव पडलं आणि जे खरोखर त्यांचं होतं ते आपण रोज नाव न घेता वापरतो. ग्रीकांची अक्षरं रोमनांना मिळाली ती एट्रुस्कनांच्या हातून. एट्रुस्कन बोलीत ग आणि क असा भेद नव्हता, म्हणून रोमनांना आरंभी 'सी' या एका अक्षरावर दोन्ही उच्चार भागवावे लागले आणि मग त्यालाच शेपूट जोडून 'जी' तयार झाला. इंग्रजी मुळाक्षरं गिरवणाऱ्या बार्शीटाकळीच्या पोरालाही तो एट्रुस्कन घोटाळा निस्तरावा लागतो. तार्क्विनियाच्या एका कबरीत मुखवटा घातलेला माणूस रंगवला आहे, शेजारी शब्द लिहिला आहे फेर्सू. लॅटिनमधला पेर्सोना, म्हणजे मुखवटा, बहुतेक त्यावरूनच आला, आणि त्यातून इंग्रजीतला पर्सन. बँकेत पर्सनल लोनचा अर्ज भरणाऱ्याला एट्रुस्कन मुखवट्याची आठवण कुणी करून द्यावी!

विदर्भात तर याहून बिकट अवस्थेतले लोक आहेत. एट्रुस्कन आपल्या कबरी रंगवत होते त्याच सुमाराच्या शतकांत नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी इथं माणसं मेलेल्यांभोवती मोठमोठ्या दगडांची वर्तुळं रचत होती. लोखंडाची हत्यारं, घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने त्या वर्तुळांतून निघाले आहेत. या लोकांचं नाव काय? दगड मोठे होते, म्हणून महापाषाणयुगीन. स्वतःचं नाव नाही, चुकीचंही नाव नाही, नुसतं दगडाचं माप.

यापेक्षा हेमाडपंती बरं. निदान त्यात एक माणूस आहे.

पण ते नाव का टिकलं, याचा विचार केला पाहिजे. माझा हिशेब असा: देवळं बांधणाऱ्यांची नावं शिलालेखात होती. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीचं राज्य गेलं. लेख वाचणारे पांगले, राजांची नावं विसरली गेली. घराघरांत उरलं ते शेवटच्या कारभाऱ्याचं नाव, कारण त्याच्या ग्रंथांवर व्रतवैकल्यं चालत होती आणि त्याच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या लिपीत हिशेब लिहिले जात होते. दोनतीनशे वर्षांत वेगवेगळ्या राजवटींत बांधलेली देवळं त्या एका नावाच्या छपराखाली जमा झाली. एट्रुस्कन कबरीत सापडला म्हणून कलश एट्रुस्कन, तसं हेमाडपंताच्या आठवणीत सापडलं म्हणून देऊळ हेमाडपंती.

जाणकारांना हे फार पूर्वीच उमगलं होतं. वऱ्हाडातल्या आणि दख्खनमधल्या या देवळांचे नकाशे काढणारा हेन्री कझिन्स. 1931 मध्ये निघालेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथात बार्शीटाकळी आहे. पण त्या ग्रंथाच्या नावात हेमाडपंत नाही, 'दख्खनमधली मध्ययुगीन मंदिरं' एवढंच आहे. आजचे अभ्यासक शिखरं पाहून भूमिज म्हणतात. अंबरनाथ आणि सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या देवळांना हा शब्द चपखल बसतो: मधल्या चार उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ओळीनं चढत जाणारी छोटी छोटी शिखरं. पण वऱ्हाडातल्या अनेक देवळांची शिखरं पडून गेली आहेत, तिथं भूमिज म्हणायचं कशाच्या जोरावर? दुसरा पर्याय यादवकालीन. तोही बार्शीटाकळीला अडचणीत आणतो. 1176 मध्ये यादव अजून मांडलिकच होते. पाचव्या भिल्लमानं स्वतंत्र राज्य उभं केलं ते 1187 च्या सुमारास. हेमाद्रिदेवाच्या लेखाला यादवकालीन म्हणणं म्हणजे एक हेमाडपंत काढून दुसरा बसवणं.

शिवाय या सगळ्या विद्वान शब्दांना एक खोट आहे: ते कुणाच्या तोंडात बसत नाहीत. देऊळ हा शब्दच बघा. संस्कृतातल्या देवकुलाचं प्राकृतात देवउल झालं आणि मराठीत देऊळ. राजकुलाचं राऊळ तसंच. गर्भागाराचा गाभारा, उदुंबराचा उंबरा. देवळातल्या प्रत्येक दगडाचं नाव बोलणाऱ्यांनी घासून गुळगुळीत केलं आहे. त्या रांगेत भूमिज हा शब्द परक्यासारखा उभा राहतो, हेमाडपंती घरच्यासारखा बसतो. लोकांनी आठशे वर्षांच्या देवळांना दिलेलं नाव चुकीचं आहे म्हणून हिसकावून घेण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. या शब्दात एक खरं निरीक्षण आहे: चुन्याशिवाय, नुसत्या वजनावर आणि खाचांवर तोललेलं काळ्या दगडाचं बांधकाम. तेवढ्यापुरता तो बिनचूक आहे. बांधण्याची तऱ्हा तो सांगतो. बांधणाऱ्याचं नाव आणि साल त्याला विचारायचं नाही. गडबड होते ती शाळेच्या वहीत, सहलीच्या माहितीपत्रकात आणि गावच्या पाटीवर "हेमाडपंतानं बांधलेलं" असं वाक्य येतं तेव्हा.

तेव्हा गावोगावच्या मास्तरांना, मंदिराच्या विश्वस्तांना आणि फोटोखाली चार ओळी लिहिणाऱ्या सगळ्यांना विनंती एवढीच: हेमाडपंती खुशाल लिहा, थ न घालता लिहा, आणि जिथं दगडावर साल कोरलेलं आहे तिथं ते साल त्याच्या शेजारी लिहा. बार्शीटाकळीसाठी ते शके 1098 आहे आणि राजाचं नाव हेमाद्रिदेव.